पांढऱ्या संपल्या, तपकिरी उरल्या

कापडी पिशवीतून तिनं गोळ्यांची पाकिटं काढली आणि डॉक्टरांच्या टेबलावर एकावर एक ठेवली. सात-आठ तरी असतील, सगळी 'माला-डी'ची. या पाकिटात २८ गोळ्या असतात, २१ पांढऱ्या आणि ७ तपकिरी. पांढऱ्या सगळ्या संपलेल्या, तपकिरी एकूण एक जागच्या जागी. पांढऱ्या गोळीत हार्मोन आणि तपकिरीत नुसतं लोह, हे तिला याच वाटेनं आधी गेलेल्या एका मैत्रिणीनं सांगितलं होतं. रोज चार गोळ्या, दीड वर्ष. तालुक्याच्या बाजारपेठेतल्या मेडिकलमधून, 'वहिनीसाठी' असं सांगून आणलेल्या.

डॉक्टर रागावले नाहीत. पाकीट उलटसुलट करून बघत त्यांनी विचारलं, "पोटरी दुखते का? एकच पाय सुजल्यासारखा वाटतो का कधी?"

पुण्यातल्या एका छोट्या क्लिनिकमध्ये, तिच्या परवानगीनं, मी कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसले होते. तिचं नाव इथं देत नाही. पारलिंगी स्त्री, वय २४, सातारा जिल्ह्यातलं गाव, शिवणकामाच्या दुकानात नोकरी. पहाटेच्या एसटीनं आली होती आणि संध्याकाळच्या गाडीनं परत जायचं होतं.

मी गेले होते ते बातमीच्या निमित्तानं. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेनं परदेशी मदत गोठवली आणि त्या पैशावर चालणारी 'मित्र' क्लिनिकं बंद पडली, हे सगळ्यांनी वाचलं आहे. २०२१ साली हैदराबादला सुरू झालेलं, पारलिंगी लोकांसाठीचं देशातलं पहिलं. आणि त्यानंतरची कल्याण आणि पुण्याची. हैदराबादचं केंद्र पुढे टाटा ट्रस्ट्सच्या मदतीनं 'सबरंग' या नावानं पुन्हा उघडलं, याचा मनापासून आनंद आहे. पण अमेरिकी करदात्यांच्या पैशावरून एवढा गदारोळ झाला, त्यात अशा दवाखान्याच्या आत नेमकं होतं काय, हे कुणी फारसं सांगितलं नाही. आत गेलं की इंजेक्शन टोचतात आणि महिनाभरात बाई होतो किंवा पुरुष होतो, ही समजूत शिकलेल्या घरांतही आहे.

सुरुवात केसपेपरपासून होते. नावाच्या रकान्याखाली तिथं आणखी एक रकाना होता. सिस्टरनं पेन हातात धरून विचारलं, "तुम्हाला काय म्हणून हाक मारू?" आधारवरचं नाव बिलापुरतं, बाकी सगळीकडे तिनं सांगितलेलं. ही गोष्ट किरकोळ वाटेल. दोन वर्षांपूर्वी ताप अंगावर घेऊन ती एका मोठ्या रुग्णालयात गेली होती. भरल्या व्हरांड्यात तिचं जुनं नाव तीनदा पुकारलं गेलं. साडी नेसलेल्या तिला त्या नावावर उठवेना. चौथ्यांदा पुकारण्याआधी ती बाहेर पडली आणि तापातच घरी गेली. त्यानंतर डॉक्टर म्हणजे मेडिकलच्या काउंटरमागचा माणूस, एवढंच उरलं.

पहिल्या भेटीत गोळी मिळत नाही. ती त्याच आशेनं आली होती, चेहरा पडलाच. मिळतो तो तपासण्यांचा कागद: हिमोग्राम, साखर, यकृत आणि मूत्रपिंडाच्या चाचण्या, कोलेस्टेरॉल, एचआयव्ही, कावीळ-बी, टेस्टोस्टेरॉन, इस्ट्राडिऑल, प्रोलॅक्टिन. वजन, रक्तदाब. आणि प्रश्न, भरपूर प्रश्न. घरात कुणाला लकवा, हृदयविकार? बिडी-सिगारेट? मायग्रेन? आधी काय काय घेतलं? हा शेवटचा प्रश्न मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, कारण आपल्याकडे या दारात येणारा माणूस बहुतेक वेळा कोरी पाटी घेऊन येत नाही. पिशवीत पाकिटं असतात. ती बाहेर काढायची हिंमत होणं हे दवाखाना मित्राचा असल्याचं माझ्या लेखी सर्वांत खरं लक्षण.

'माला-डी'बद्दल थोडं थांबून सांगते, कारण तृतीयपंथी वस्त्यांत ही गोष्ट सर्रास आहे. एका पांढऱ्या गोळीत ०.०३ मिलिग्रॅम एथिनिल इस्ट्राडिऑल असतं. गर्भनिरोधनासाठी दिवसाला एक, हे त्या गोळीचं गणित. चार घेतल्या की ०.१२ मिलिग्रॅम. आकडा चिमुकला दिसतो, पण हे हार्मोन मुळात यकृताला सहजी मोडता येऊ नये असंच प्रयोगशाळेत घडवलेलं आहे. ते यकृतात रेंगाळतं आणि यकृत रक्त गोठवणारी प्रथिनं जास्त बनवू लागतं. पोटरीच्या शिरेत गुठळी होते, सुटते, फुप्फुसात जाऊन अडकते. डॉक्टरांचा पहिला प्रश्न पोटरीचा होता तो म्हणून. अॅमस्टरडॅमच्या दवाखान्यातल्या रुग्णांचा दीर्घकाळ मागोवा घेणारी एक पाहणी २०११ साली प्रसिद्ध झाली. एथिनिल इस्ट्राडिऑल चालू असलेल्या पारलिंगी स्त्रियांत हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या विकारानं मृत्यूची जोखीम तिप्पट आढळली. जगभरच्या तज्ज्ञांनी या कामासाठी ते वापरणं सोडून दिलंय.

आणखी दोन गोष्टी मला त्या दिवशीच कळल्या. पांढऱ्या गोळीतलं दुसरं औषध, लेव्होनॉर्जेस्ट्रेल, किंचित पुरुषी गुणाचं असतं; म्हणजे जास्त गोळ्या खाऊन ती जे मिळवू बघत होती त्याला खीळही त्याच गोळीतून बसत होती. आणि नेहमीच्या इस्ट्राडिऑलच्या रक्तचाचणीत एथिनिल इस्ट्राडिऑल दिसतच नाही. स्वतःच्या मनानं लॅबमध्ये जाऊन चाचणी केली तर आकडा कमी येतो, आणि माणूस म्हणतो, बघा, कमी पडतंय, आणखी दोन घेऊ.

क्लिनिकमध्ये देतात ते साधं इस्ट्राडिऑल, अंडाशय जे बनवतं तेच. गोळी, जेल किंवा पट्टी या रूपात. चाळिशी ओलांडलेल्यांना, सिगारेट ओढणाऱ्यांना कातडीतून जाणारं जेल किंवा पट्टी बरी, कारण ते यकृताला वळसा घालून रक्तात जातं. सोबत टेस्टोस्टेरॉन दाबणारं औषध. आपल्याकडे बहुधा स्पायरोनोलॅक्टोन, मुळात रक्तदाबाचं आणि हृदयाचं औषध. त्यानं लघवी वाढते आणि रक्तात पोटॅशियम साठतं. 'उन्हाचं रोज शहाळं पिते', असं ती म्हणाल्यावर डॉक्टरांनी पेन थांबवलं आणि ते कागदावर टिपून घेतलं, कारण शहाळ्यात पोटॅशियम भरपूर. दुसरं औषध सायप्रोटेरॉन. पूर्वी ५० ते १०० मिलिग्रॅम रोज देत, आता १० च्या आसपास पुरतं असं दिसून आलंय. जास्त मात्रेत वर्षानुवर्षं घेतलं तर मेंदूच्या आवरणात गाठ होण्याचा धोका वाढतो.

मग बदल. तिला तारखा हव्या होत्या. पहिल्या एक ते तीन महिन्यांत कामेच्छा आणि ताठरता कमी होते, हे डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं. तीन ते सहा महिन्यांत त्वचा मऊ, तेलकटपणा कमी, छातीत गाठीसारखं हुळहुळणं. चरबी मांड्या-कंबरेकडे वळायला लागते. छातीची पुरती वाढ व्हायला दोन-तीन वर्षं. वयात येणाऱ्या मुलीला जेवढा वेळ लागतो, तेवढाच इथंही लागतो, कितीही गोळ्या खाल्ल्या तरी. अंगावरचे केस विरळ होतात, दाढी मात्र जात नाही; त्यासाठी लेझर किंवा इलेक्ट्रोलिसिस. आवाज अजिबात बदलत नाही. हे ऐकून ती बराच वेळ गप्प बसली. आवाजासाठी स्पीच थेरपिस्ट असतात, सराव असतो, पण ती दुसरी वाट आणि दुसरा खर्च.

उलट दिशेनं जाणाऱ्या मुलांचं, म्हणजे पारलिंगी पुरुषांचं, वेगळं. टेस्टोस्टेरॉनला ते 'टी' म्हणतात. इंजेक्शन दोन ते चार आठवड्यांनी, किंवा महागडं असेल तर सुमारे १२ आठवड्यांनी. पहिल्या महिन्यांतच तारुण्यपीटिका, सहा महिन्यांच्या आत बहुतेकांची पाळी थांबते, पुढच्या काही महिन्यांत आवाज घोगरा होऊन फुटतो आणि तो कायमचा. मिशी-दाढी वर्षाच्या आत फुटू लागते, भरायला चार-पाच वर्षं. इथं लक्ष ठेवायचं ते रक्त घट्ट होण्यावर. हिमॅटोक्रिट ५४ टक्क्यांवर गेलं की मात्रा कमी करायची किंवा अंतर वाढवायचं. आणि पाळी थांबली म्हणजे गर्भ राहणार नाही असं नाही. ही चूक अनेकांना महागात पडते.

औषधं थांबवली तर काय? चरबी परत फिरते, कातडी परत पूर्वीसारखी होते. छातीची वाढ जात नाही, फुटलेला आवाज मागे फिरत नाही. संमतीपत्रावर सही घेण्याआधी हे वाचून दाखवतात, मराठीत, हवं तर दोनदा.

मूल होण्याचा प्रश्न या सगळ्यात अवघड. इस्ट्रोजननं शुक्राणू कमी होत जातात आणि परत येतीलच याची खात्री नसते, म्हणून सुरू करण्याआधी ते साठवून ठेवण्याचा पर्याय सांगणं डॉक्टरांचं काम आहे. सांगतातही. पण २०२१ चा प्रजनन तंत्रज्ञानाचा कायदा या सेवा विवाहित जोडप्याला आणि स्त्रीला देतो. पारलिंगी व्यक्तीचा त्यात उल्लेखच नाही. साठवा म्हणायचं आणि उद्या वापरायला गेलं तर दार बंद. "मला कुठं मूल होणार," असं म्हणून तिनं तो कागद बाजूला सारला. चोविसाव्या वर्षी हे वाक्य इतक्या सहज तोंडून निघतं, याचं मला अतोनात वाईट वाटलं.

मानसोपचारतज्ज्ञाची भेट बाकी असते. त्यांच्या पत्राला सगळे 'जीडी (जेंडर डिस्फोरिया) सर्टिफिकेट' म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये लिंगभाव जुळत नसण्याला मानसिक आजारांच्या यादीतून बाहेर काढलं. ती नवी यादी २०२२ पासून लागू आहे. आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं प्रौढांसाठी एका जाणकाराचं मूल्यमापन पुरेसं मानतात. चांगल्या ठिकाणी ही भेट परीक्षा नसते. अपेक्षा काय आहेत, घरी कळलं तर राहायला जागा आहे का, मन खचलं तर फोन कुणाला करणार, हे बोललं जातं. पण काही ठिकाणी सहा-सहा खेपा घालायला लावतात आणि प्रत्येक खेपेची फी. मला हे सरळ चुकीचं वाटतं. पत्रासाठी जितका उशीर, तितकी मेडिकलमधली पाकिटं वाढतात. सावधगिरीच्या नावाखाली आपण माणसाला तपासणीशिवायच्या औषधाकडे ढकलतो.

आणि एक गैरसमज, जो जीव घेऊ शकतो. एचआयव्हीच्या औषधांमुळे हार्मोन 'लागत नाही' असं वस्त्यांत बोललं जातं, आणि काहीजणी एआरटीच्या गोळ्या सोडतात. सध्या सरकारी केंद्रांत मिळणारी डोल्युटेग्राव्हिरची गोळी इस्ट्राडिऑलच्या आड येत नाही. दोन्ही एकत्र घेता येतात.

पैशाचं बोलायलाच हवं. पारलिंगी व्यक्तींच्या हक्कांसाठीच्या २०१९ च्या कायद्याचं कलम १५ सांगतं की शस्त्रक्रियेबरोबर हार्मोन थेरपीची सोय, आधीचं-नंतरचं समुपदेशन आणि विम्याचं संरक्षण सरकारनं उभं करावं. २०२२ मध्ये आयुष्मान भारतखाली वर्षाला ५ लाखांपर्यंतच्या संरक्षणाची घोषणा झाली. पण हार्मोन हे दर महिन्याचं, बाह्यरुग्ण विभागातलं, आयुष्यभराचं औषध. खाटेवर दाखल झाल्यावरच पैसे मोजणारी व्यवस्था त्याला कशी पुरणार? औषधापेक्षा तिला जड जातं ते दुसरंच: पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी रक्ततपासणी, एसटीचं भाडं आणि बुडालेला रोज. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात आठवड्यातून एक दिवस, एक प्रशिक्षित डॉक्टर आणि रक्ततपासणी मोफत. मागणी एवढीच आहे, आणि यासाठी परदेशी पैशाची वाट बघण्याची गरज नाही.

दहा दिवसांनी रिपोर्ट घेऊन ती परत आली. गुठळीची लक्षणं नव्हती, यकृताचा एक आकडा वर गेलेला होता. 'माला-डी' त्याच दिवशी बंद करायची, यकृताची चाचणी चार आठवड्यांनी पुन्हा, ठीक आली की कमी मात्रेनं सुरुवात. दीड वर्ष थांबलेली मुलगी आणखी चार आठवडे थांबायचं म्हणून रडली. सिस्टरनं पाणी आणून दिलं आणि शेजारी बसून राहिली.

रक्त गावाजवळच दिलं तर चालेल का, असं तिनं निघताना विचारलं. डॉक्टरांनी तिच्या तालुक्यातल्या कुठल्याही डॉक्टरला उद्देशून पत्र लिहून दिलं, कुठल्या चाचण्या, कधी, आणि कुठला आकडा दिसला तर लगेच फोन करायचा. खाली आपला नंबर. मागच्या आठवड्यात तिच्याशी फोनवर बोलणं झालं. पांढऱ्या गोळ्या तिनं सोडल्यात. पत्र शिवणयंत्राच्या खणात आहे. गावातले डॉक्टर वडिलांना ओळखतात, त्यामुळे अजून त्यांच्याकडे गेलेली नाही. सोमवारी शेजारच्या गावच्या लॅबमध्ये जाऊन बघते म्हणाली.