आगटीच्या आधीचे चार महिने

नारायण पेठेतलं भाड्याचं घर सोडून आम्ही चौघं सासवडच्या पुढे, सासऱ्यांच्या जुन्या शेतघरात राहायला आलो. दगडमातीच्या भिंती, पुढे पडवी, मागे गोठा. पहिला पावसाळा गळती काढण्यात आणि पडवी सारवायला शिकण्यात गेला. शेणात पाणी जास्त झालं तर वाळल्यावर पोपडे धरतात, कमी झालं तर हात फिरत नाही.

पाहुणे बोलवायचे ते हुरड्याला, हे आधीच ठरलं होतं. पांडुरंग तावरे यांनी २००५च्या सुमारास बारामतीजवळ माळेगावातून कृषी पर्यटनाची वाट घालून दिली, २०२०मध्ये राज्याचं धोरणही आलं. पण ज्वारीच्या रानात ते सगळं बाजूला राहतं. कणीस हुरड्यात असतं जेमतेम आठ-दहा दिवस. त्याआधी दाणा चिमटला तर नुसतं दूध येतं, नंतर तो दाताला लागतो. पहिल्या वर्षी आम्ही अख्खं रान एकाच दिवशी पेरलं आणि ते एकदमच हुरड्यात आलं. पुढच्या दोन रविवारी कोथरूडहून दिवेघाट चढून पाहुणे आले, तोवर दाणा निबर झाला होता. त्यांना पिठलं-भाकरी वाढताना मला फार वाईट वाटलं.

शेजारचे तात्या म्हणाले, "सगळं एकदम पेरू नका, ताई. आठ-आठ दिसांनी एकेक तुकडा धरा."

तेव्हापासून सप्टेंबरात पेरणी करतानाच आम्ही जानेवारीचे रविवार मोजतो. कणीस भरलं की पाखरं उतरतात. सकाळ-संध्याकाळ राखण करावीच लागते, आणि मुलं ती मनापासून करतात.

आगटी तात्याच लावतात. वीतभर खड्ड्यात गोवऱ्या पेटवतात आणि जाळ पूर्ण बसेपर्यंत कणसाला हात लावू देत नाहीत, कारण जाळावर कूस जळतं आणि दाणा आत कच्चाच राहतो. मग दांडा बाहेर ठेवून कणसं निखाऱ्यात खुपसायची, फिरवत राहायची. गरम कणीस तळहातांत चोळलं की हिरवेगार दाणे सुपात पडतात, एका फुंकरीत कोंडा उडतो. लसणाची चटणी, गूळ, दही शेजारी हवंच. पण पहिली मूठ नुसतीच खावी, असा माझा आग्रह असतो. त्या गोडीसाठीच तर माणसं एवढ्या लांब येतात.

यंदाचा चौथा तुकडा अजून दुधात आहे. संक्रांतीनंतरच्या रविवारी येणाऱ्यांना तोच सांगून ठेवलाय.