सहा महिने आधी ठरणारी भटकंती

पेणहून निघालेल्या गणेशमूर्ती अमेरिकेतल्या मराठी घरांत बसायच्या, त्याआधीचे तीन महिने हा देश घराबाहेर काढतो. मे अखेरीच्या मेमोरियल डेपासून सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारच्या लेबर डेपर्यंत महामार्गांवर टपाला सामान बांधलेल्या गाड्यांची रीघ लागते. डिकीत तंबू, बर्फाची पेटी, गॅसची शेगडी, घडीच्या खुर्च्या. बहुतेक गाड्यांत कुटुंब असते, पण चालकाच्या शेजारची जागा रिकामी असलेल्या गाड्याही पुष्कळ दिसतात. शिक्षण संपवून नोकरीवर रुजू होण्याआधी महिनाभर निघालेला तरुण, निवृत्त शिक्षिका, दोन नोकऱ्यांच्या मधल्या सुटीतली अभियंता मुलगी, असे सगळे त्यांत असतात. एक राष्ट्रीय उद्यान झाले की दुसरे, रात्री तंबूत किंवा गाडीच्या मागच्या सीट पाडून झोप. इथल्या मराठी तरुणांनाही आता याची चांगलीच गोडी लागली आहे.

पेण-रोह्यात बसून हे ऐकताना वाटते, मनात आले, किल्ली फिरवली आणि निघाले. प्रत्यक्षात अशा प्रवासाची तयारी निदान सहा महिने आधी सुरू होते.

आधी आवाका लक्षात घ्यायला हवा. रायगड जिल्ह्याचे क्षेत्रफळ सात हजार चौरस किलोमीटरांहून थोडे अधिक. एकटे यलोस्टोन उद्यान जवळजवळ नऊ हजार चौरस किलोमीटरांचे, तर कॅलिफोर्नियाच्या वाळवंटातले डेथ व्हॅली उद्यान रायगडच्या जवळजवळ दुप्पट. यलोस्टोनमधला इंग्रजी आठच्या आकड्यासारखा वळसा घेणारा मुख्य रस्ताच २२८ किलोमीटरांचा. त्यावर ताशी ४५ मैलांची मर्यादा आणि मध्येच रानगव्यांचा कळप आडवा आला की अर्धा-पाऊण तास सगळी वाहतूक उभी. नकाशावर बोटभर दिसणारे अंतर इथे दिवस खाते. म्हणून जाणते लोक दिवसाला एक उद्यान असा हिशेब मांडत नाहीत. एका ठिकाणी तीन-चार रात्री, मग एक दिवस फक्त गाडी चालवण्याचा आणि कपडे धुण्याचा, अशी त्यांची आखणी असते.

हे सारे मोटारीभोवती उभे राहिले, त्याला इतिहास आहे. यलोस्टोन १८७२ साली राष्ट्रीय उद्यान झाले, ते जगातले पहिले मानले जाते. तेव्हा तिथे घोडागाडीतून जात. योसेमिटी उद्यानात १९१३ मध्ये आणि यलोस्टोनमध्ये १९१५ मध्ये मोटारींना परवानगी मिळाली. १९१६ मध्ये राष्ट्रीय उद्यान सेवा स्थापन झाली. तिचे पहिले संचालक स्टीफन मॅथर यांचे मत असे, की सामान्य माणूस आपल्या गाडीने उद्यानात आला, तरच तो उद्याने जपण्याच्या बाजूने उभा राहील. माणसे आली, आणि गाड्या वाटेल तिथे झाडांखाली लागू लागल्या. चाकांनी माती दडपली, मुळे गुदमरली, झाडे वाळू लागली. वनस्पतिरोगांचे अभ्यासक एमिलिओ माइनेके यांनी हे दुखणे ओळखले आणि १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला तळाचा नवा आराखडा दिला. एकेरी वाहतुकीचा गोल रस्ता, त्याच्या कडेला प्रत्येकाला गाडी लावण्याची ठरलेली आखूड जागा, शेजारी तंबूची जागा, टेबल आणि चूल. गाडीने रस्ता सोडायचा नाही, म्हणजे झाड जगते. मंदीच्या काळात बेकार तरुणांसाठी काढलेल्या सरकारी पथकांनी असे तळ देशभर बांधले. आजही अमेरिकेत बहुतेक कुठल्याही तळावर गेले की माइनेके यांचाच आराखडा डोळ्यांसमोर असतो.

असा एक तळ जवळून पाहण्यासारखा आहे. जागेचा क्रमांक लिहिलेला लाकडी खांब, त्याला अडकवलेली आरक्षणाची चिठ्ठी. जाड फळ्यांचे, दोन्ही बाजूंना बाक जोडलेले टेबल. जमिनीत रोवलेले लोखंडी कडे, त्यावर भांडे ठेवायला जाळी. विस्तव पेटवायचा तो या कड्यातच. अस्वलांच्या मुलुखात असाल, तर शेजारी तपकिरी पोलादी पेटी असते. तिची कडी पत्र्याच्या खोबणीत लपवलेली असते. माणसाची बोटे आत वळतात आणि खिटी दाबतात, अस्वलाचा पंजा आत मावत नाही. थोड्या अंतरावर नळ आणि स्वच्छ संडास. एका जागेवर साधारण सहा माणसे आणि दोन गाड्या, रात्री दहा ते सकाळी सहा शांतता. दर बहुधा वीस ते छत्तीस डॉलरांच्या घरात. साध्या मोटेलच्या खोलीलाही इथे याच्या तिप्पट-चौपट मोजावे लागतात.

एवढ्या स्वस्तात एवढी सोय असली, की झुंबड उडणारच. राष्ट्रीय उद्यान म्हणवणारी ठिकाणे ६३. स्मारके, ऐतिहासिक स्थळे, समुद्रकिनारे धरून या सेवेकडे चारशेहून अधिक जागा आहेत आणि २०२४ मध्ये त्यांना मिळून ३३ कोटींवर भेटी नोंदल्या गेल्या. बऱ्याच तळांचे आरक्षण सहा महिने आधी एका सरकारी संकेतस्थळावर उघडते. योसेमिटीच्या मुख्य तळांची रीत वेगळी. तिथे दर महिन्याच्या १५ तारखेला, कॅलिफोर्नियाच्या घड्याळात सकाळी सातला, पाच महिन्यांनंतरच्या एका महिन्याच्या जागा एकदम खुल्या होतात. १५ जुलै ते १४ ऑगस्ट हवे असेल, तर १५ फेब्रुवारीला बोटे कळफलकावर ठेवून बसायचे. पेणमध्ये तेव्हा रात्रीचे साडेआठ वाजलेले असतात. उन्हाळ्यातल्या जागा काही मिनिटांत संपतात. एकट्याला यात एक फायदा आहे. कुणाची रजा जुळवायची नसते, त्यामुळे मंगळवार-बुधवारची रात्र किंवा कुणी ऐनवेळी सोडलेली जागा त्याला पटकन उचलता येते.

जागा न मिळाल्यास दुसरी वाट आहे. उद्यानांच्या भोवती राष्ट्रीय वनांची आणि केंद्राच्या भूव्यवस्थापन खात्याची अफाट जमीन पसरली आहे. तिथे पुष्कळ भागांत कच्च्या रस्त्याच्या कडेला बहुधा चौदा दिवसांपर्यंत फुकट मुक्काम करता येतो. मात्र नळ नाही, संडास नाही, कचरापेटी नाही. पाणी सोबत न्यायचे आणि कचरा परत आणायचा. उद्यानाच्या हद्दीत मात्र ठरलेल्या तळाबाहेर गाडीत झोपायला मनाई असते. रेंजर मध्यरात्रीही काचेवर टकटक करून उठवतात.

मार्ग आखताना आधी ऋतू पाहावा लागतो. योसेमिटीतला तिओगा रस्ता आणि ग्लेशियर उद्यानातला गोइंग-टू-द-सन रस्ता हिवाळाभर बर्फाखाली असतात. ग्लेशियरचा रस्ता पूर्ण उघडायला कित्येकदा जून संपतो. उलट डेथ व्हॅलीत उन्हाळ्यात तंबू टाकण्याचे नाव काढू नये. १० जुलै १९१३ रोजी तिथे ५६.७ अंश सेल्सिअसची नोंद झाली, जगातल्या हवेच्या सर्वोच्च तपमानाचा अधिकृत विक्रम तोच. कोकणातल्या माणसाला फसवते ती मात्र थंडी. युटामधल्या ब्राइस कॅन्यनचा काठ अडीच हजार मीटरांच्या आसपास आहे. दिवसा कडक ऊन असले, तरी जूनमध्येही रात्री पारा गोठणबिंदूकडे सरकू शकतो. रोह्यात पौषात पांघरलेली गोधडी तिथे पुरत नाही, थंडीच्या अंशांचा आकडा पाहूनच झोपण्याची पिशवी घ्यावी लागते.

वाळवंटातल्या पावसाचाही अंदाज आपल्याला नसतो. आपल्याकडे पाऊस चार महिने सांगून पडतो. इथल्या नैर्ऋत्य भागात जुलै ते सप्टेंबर वळवासारख्या सरी येतात आणि दूर डोंगरात पडलेले पाणी अरुंद घळीत भिंतीसारखे घुसते. १४ सप्टेंबर २०१५ रोजी झायन उद्यानातल्या कीहोल घळीत उतरलेले सात जण अशाच पुरात गेले. सकाळी रेंजरच्या कचेरीत पूरधोक्याचा फलक वाचायचा आणि तो सांगेल ते ऐकायचे, हा एकट्या प्रवाशाचा पहिला नियम.

दुसरा नियम पेट्रोलचा. युटात आंतरराज्य महामार्ग ७० वर ग्रीन रिव्हर ते सलाइना या सुमारे १७५ किलोमीटरांत पंप नाही, हॉटेल नाही, गाव नाही. पेणहून निघून जवळपास चिपळूण गाठेपर्यंत वाटेत काहीच नसावे, तसे. टाकी अर्ध्यावर आली की भरायची. वाळवंटात माणशी दिवसाला गॅलनभर, म्हणजे पावणेचार लिटरांवर पाणी गाडीत ठेवायचे. उद्यानांत फोनला रेंज नसते हे गृहीत धरून नकाशे आधीच उतरवून घ्यायचे, शिवाय कागदी नकाशाही जवळ ठेवायचा. उपग्रहावरून संदेश पाठवणारे छोटे यंत्र आता बरेच जण बाळगतात. त्याहून मोलाचे काम म्हणजे रोजचा मुक्काम, तळाचा क्रमांक आणि कुठल्या वेळेपर्यंत खबर आली नाही तर कुणाला फोन करायचा, हे लिहून घरी ठेवणे. पेणला असलेल्या आईकडे किंवा रोह्यातल्या भावाकडे हा कागद असला, तर एकटा माणूस पुरता एकटा राहत नाही.

अस्वलांबाबत नियम कडक आहेत आणि ते उद्यानागणिक बदलतात. यलोस्टोनमध्ये अस्वल आणि लांडग्यापासून शंभर यार्ड, गव्यापासून पंचवीस यार्ड अंतर ठेवायचे. तिथे अस्वलांवर मारायचा तिखटाचा फवारा जवळ बाळगा म्हणून सांगतात, योसेमिटीत तोच फवारा न्यायला बंदी आहे. योसेमिटीत १९९८ या एका वर्षात अस्वलांनी हजाराहून अधिक गाड्या फोडल्या होत्या. म्हणून तिथे अंधार पडल्यावर गाडीत खाण्याची वस्तू ठेवता येत नाही. साबण, टूथपेस्टसुद्धा पोलादी पेटीत जातात.

स्वयंपाकात आपल्याकडची शिदोरी फार उपयोगी पडते. भाजणी, मेतकूट, भाजलेले पोहे आणि पेणचे पापड यांना बर्फाची पेटी लागत नाही. शेगडी पेटवायचा कंटाळा आला, तरी कड्यातल्या निखाऱ्यांवर पापड भाजून होतो. विस्तवाभोवती बसणे आपल्याला नवे नाही. थंडीत वालाच्या शेंगा भरल्या की पेण-रोह्याच्या शेतांत पोपटी लागते. मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा पाला, त्यावर मीठ-ओवा लावलेल्या शेंगा, बटाटे, अंडी, हवी तर कोंबडी. तोंड पाल्याने दाबून मडके उपडे घालायचे, भोवती पेंढा-गोवऱ्या रचून पेटवायचे, पाण्याचा थेंबही घालायचा नाही. इथे भांबुर्डा नाही, शेतही आपले नाही. इथे लाकूडसुद्धा तळाजवळच विकत घ्यावे लागते, कारण दुरून आणलेल्या मोळीतून झाडे मारणारी कीड पसरते. कोरड्या दिवसांत तर विस्तवावरच बंदी येते आणि ती पाळावीच लागते.

रायगडहून पाहुणा म्हणून येणाऱ्याने दोन गोष्टी आधी करायच्या. पेणच्या परिवहन कार्यालयातून, ज्याच्या एमएच-०६ पाट्या जिल्हाभर दिसतात तिथूनच, आंतरराष्ट्रीय वाहन परवाना काढायचा. तो वर्षभर चालतो. आणि पैशांचा हिशेब नव्या दराने करायचा. रहिवाशांना सगळ्या उद्यानांचा वार्षिक पास ८० डॉलरला मिळतो. २०२६ पासून परदेशी पाहुण्यांसाठी तो २५० डॉलर झाला आहे. पास नसेल, तर यलोस्टोन, योसेमिटी, झायन, ग्रँड कॅन्यन अशा अकरा गर्दीच्या उद्यानांत परदेशी माणसाला नेहमीच्या प्रवेशशुल्काशिवाय माणशी शंभर डॉलर जादा पडतात. दोनपेक्षा अधिक मोठी उद्याने पाहायची, तर पासच परवडतो.

या व्यवस्थेची दुखरी बाजू सांगितल्याशिवाय चित्र पुरे होत नाही. ज्या जमिनीला आज कोरे अरण्य म्हणतात, तिथे माणसे राहत होती. योसेमिटीच्या खोऱ्यातून १८५१ मध्ये सशस्त्र तुकडीने मूळ रहिवाशांना हुसकले आणि त्यांचे उरलेसुरले शेवटचे गाव १९६९ मध्ये पाडले. शिवाय ही सेवा माणसांवर चालते, आणि २०२५ मध्ये तिच्यात मोठी नोकरकपात झाली. त्याच वर्षी १ ऑक्टोबरपासून ४३ दिवस केंद्र सरकारचे काम बंद राहिले, तेव्हा बऱ्याच उद्यानांचे दरवाजे उघडे होते, पण आत चौकशीला माणूस नव्हता. एकट्या प्रवाशाची सुरक्षितता रेंजरच्या पगारावर किती अवलंबून आहे, हे त्या दिवसांत सगळ्यांना दिसले.

आता घराकडे पाहू. मुरूड आणि रोहा तालुक्यांत फणसाड अभयारण्य आहे. एकेकाळी ते जंजिऱ्याच्या नवाबाचे शिकारीचे रान होते, १९८६ मध्ये अभयारण्य झाले. तिथे शेकरू आहे, गिधाडे आहेत, उन्हाळ्यातही पाणी धरणारी ‘गाणे’, म्हणजे पाणवठे, आहेत. कोलाडला भिऱ्याच्या वीजकेंद्रातून सुटणाऱ्या पाण्यावर कुंडलिकेत राफ्टिंग चालते आणि नदीकाठी खासगी तंबूंची रांग लागली आहे. पैसेवाल्या पर्यटकाची सोय झाली. दुचाकीवर एकटा आलेला विद्यार्थी, एखादी शिक्षिका, पक्षी पाहायला निघालेला निवृत्त कारकून यांनी रात्र कुठे काढायची?

फणसाडच्या हद्दीबाहेर, कडेच्या गावांत, क्रमांक घातलेल्या वीस साध्या जागा, एक नळ, दोन स्वच्छ संडास, एक चूल आणि एक राखणदार, एवढ्यापासून सुरुवात करता येईल. राखणदारी आणि वाटाड्याचे काम त्या रानाची खडान्‌खडा माहिती असलेल्या कातकरी आणि ठाकर तरुणांना मिळावे, म्हणजे योसेमिटीतला अन्याय आपल्याकडे होणार नाही. दर एवढा ठेवावा, की कॉलेजच्या मुलालाही परवडेल. वनखाते, जिल्हा परिषद आणि कडेच्या ग्रामपंचायतींनी हे मनावर घ्यावे. पेण-रोह्याच्या वाचकांनी येत्या ग्रामसभेत हा विषय जरूर मांडावा.