वर्षावासात वस्तरा जपा: गंज, जखम आणि आपले आरोग्य

आषाढ पौर्णिमेला वर्षावास सुरू होतो. विहारांत ग्रंथवाचन सुरू होते, श्रामणेर शिबिरांची तयारी होते आणि मुंडणासाठी वस्तरे बाहेर निघतात. नेमका हाच पावसाचा काळ. हवेत दमटपणा, भिंतींना ओल आणि कपाटात पडून राहिलेल्या वस्तऱ्यावर तांबूस ठिपके. ‘थोडासाच गंज आहे, पुसून घेऊ’ असे म्हणून तोच वस्तरा एकामागून एक डोक्यांवर फिरतो. म्हणून या वेळी आम्ही आरोग्याच्या पानावर वस्तऱ्याचाच विषय घेतला आहे.

वस्तरा ही भिक्खूच्या आठ परिष्कारांपैकी एक वस्तू. तीन चीवरे, भिक्षापात्र, वस्तरा, सुई, कमरबंद आणि पाणी गाळण्याचे वस्त्र, एवढाच त्याचा संसार. विनयपिटकातील चुल्लवग्गात नुसत्या वस्तऱ्याला परवानगी नाही. त्याच्यासोबत धार लावण्याचा दगड, वस्तऱ्याचे म्यान आणि नमद्याचा तुकडा यांनाही आहे. सुया गंजू लागल्या तेव्हा त्या कोरड्या भुकटीत आणि मेणात ठेवण्याचा उपाय त्याच ग्रंथात येतो. पोलादाला ओल लागू द्यायची नाही, हे तेव्हाही ठाऊक होते.

गंजाने धनुर्वात होतो का?

गंज म्हणजे लोखंड, पाणी आणि हवेतील ऑक्सिजन यांच्या संयोगातून तयार झालेला थर. तो स्वतः रोग निर्माण करत नाही. धनुर्वाताचे जंतू माती, धूळ आणि जनावरांच्या शेणात असतात. गंजलेला खिळा सहसा मातीत पडलेला असतो, म्हणून दोष गंजाच्या माथी बसला.

तरीही गंजलेला वस्तरा चालवू नये. त्याची धार खडबडीत होते, कातडी सोलली जाते. गंजाने पाडलेल्या बारीक खड्ड्यांत साबण, केस आणि रक्त अडकते, ते नुसते धुऊन निघत नाही. कापलेच तर जखम वाहत्या पाण्याने व साबणाने धुवावी. धनुर्वाताची लस शेवटची कधी घेतली ते आठवावे आणि आरोग्य केंद्रात विचारावे. सरकारी वेळापत्रकात ही लस 10 आणि 16 व्या वर्षीही आहे. शिबिराला येणारी बरीच मुले याच वयाची असतात.

खरा धोका: एकच वस्तरा, अनेक डोकी

हिपॅटायटिस ‘बी’ म्हणजे कावीळ ब. हिचा विषाणू वाळलेल्या रक्तातही किमान 7 दिवस जिवंत राहू शकतो. डोळ्यांना न दिसणारा रक्ताचा अंशही पुरेसा असतो. एकमेकांचा वस्तरा वापरल्याने हिपॅटायटिस ‘सी’ पसरू शकतो, डोक्याचा नायटाही पसरतो. जंतुनाशक टाकलेल्या वाटीतल्या पाण्यात वस्तरा बुडवून काढला म्हणजे तो शुद्ध झाला, असे समजू नये. एकच तुरटी सगळ्यांच्या कापलेल्या जागी फिरवणेही तितकेच वाईट.

येथे एक अडचण आहे. विषाणू मारणारे ब्लीचचे पाणी साध्या पोलादाला लगेच गंज चढवते. उकळत्या पाण्यात ठेवले तरी तेच होते, शिवाय मूठ खराब होते. म्हणून आमचे सांगणे सरळ आहे: कायमच्या पात्याचा वस्तरा एकाच माणसाचा. सामुदायिक मुंडणासाठी पाते बदलता येणारा वस्तरा आणि प्रत्येक डोक्याला नवे पाते. त्या पात्याला गंज दिसला तर ते घासत बसू नये, टाकून द्यावे.

स्वतःच्या वस्तऱ्याचा गंज कसा काढावा?

आधी उजेडात नीट पाहावे. ठिपके पात्याच्या अंगावर असतील तर ते घरी निघतात. खड्डे थेट धारेवर असतील तर वस्तरा धार लावणाऱ्या जाणकाराकडे न्यावा. तो नको म्हणाला तर वापर थांबवावा.

1. पाते सपाट लाकडी फळीवर ठेवावे. शिलाई मशीनचे तेल लावून काही तास तसेच राहू द्यावे.
2. मऊ सुती फडक्याने पुसावे. हात नेहमी पाठीकडून धारेकडे किंवा धारेला समांतर फिरवावा. धारेकडून पाठीकडे कधीच नाही.
3. डाग राहिले तर धातू चकाकवण्याचे पॉलिश फडक्यावर घेऊन हलके घासावे. तरीही राहिले तर 2000 नंबरचा पाण्याचा कागद तेलात भिजवून वापरावा.
4. पॉलिश साबणपाण्याने पूर्ण धुवावे, पाते कोरडे करावे, मग सिल्लीवर आणि शेवटी चामोट्यावर धार बसवावी.

लिंबू किंवा व्हिनेगरमध्ये पाते रात्रभर ठेवू नये. आम्ल गंजाबरोबर पोलादही खाते. फिरत्या चाकावरही धरू नये. पातळ पाते तापून निळे पडले की त्याचा कडकपणा गेला, मग धार टिकत नाही.

गंज येऊच नये म्हणून

वापर झाल्यावर साबण व तुरटीचा अंश साध्या पाण्याने धुवावा. पाते पुसताना खिळीजवळची आणि मुठीच्या आतली फट विसरू नये. गंज बहुधा तिथूनच सुरू होतो. तासभर उघडे ठेवून वाळवावे. मग तेलाचा एक थेंब बोटाने नव्हे, फडक्याने लावावा. खोबरेल तेल बरेच दिवस राहिले की चिकट होते, म्हणून मशीनचे तेल बरे. पुढच्या वेळी दाढी करण्यापूर्वी ते पुसून, धुऊन टाकावे.

वस्तरा न्हाणीघरात, प्लास्टिकच्या पिशवीत किंवा चामड्याच्या म्यानात बंद ठेवू नये. तिन्हीकडे ओल धरते. कोरड्या सुती कापडात गुंडाळून, औषधाच्या डब्यात मिळणारी ओल शोषणारी पुडी सोबत ठेवावी. कोकणात आणि मुंबईत खारी हवा गंजाला आणखी बळ देते. तिथे पावसाळ्यात आठवड्यातून एकदा वस्तरा उघडून पाहावा, पुसून पुन्हा तेल लावावे.

शिबिर घेणाऱ्यांसाठी

भोजनाचा आणि चीवरांचा खर्च आपण लिहितो, तसाच नव्या पात्यांचाही लिहावा. जितकी डोकी तितकी पाती, वर थोडी जास्त. वापरलेली पाती टाकायला जाड भिंतीचा डबा ठेवावा, म्हणजे कचरा उचलणाऱ्या आपल्या सफाई कामगार बंधुभगिनींचे हात कापणार नाहीत. वस्तरा चालवणाऱ्याने प्रत्येक डोक्यानंतर साबणाने हात धुवावेत, वस्तऱ्याची पकडही साफ करावी, आणि कावीळ ब ची लस घेतलेली असावी. मोठ्यांना तिचे तीन डोस सहा महिन्यांत पूर्ण होतात.

बुद्धाच्या संघातील उपाली हे पूर्वी शाक्यांचे नाभिक होते. राजगृहाच्या पहिल्या संगीतीत विनयाविषयीची उत्तरे त्यांनी दिली, अशी परंपरा आहे. वस्तरा धरणाऱ्या हाताचा असा मान राखणाऱ्या परंपरेत तो हात आणि तो वस्तरा स्वच्छ असलाच पाहिजे. या वर्षावासात पहिले मुंडण होण्याआधी आपापल्या विहारातील वस्तरे एकदा उजेडात उघडून पाहा.