कौन्सिलच्या घरावर तुळशीपत्र

११ ऑगस्ट १९८० रोजी ब्रिटनच्या पंतप्रधान मार्गारेट थॅचर लंडनच्या पूर्व टोकाला हॅरोल्ड हिल नावाच्या वसाहतीत एका घरी चहाला गेल्या. सोबत छायाचित्रकारांचा ताफा होता. त्या घरातले कुटुंब अठरा वर्षे ग्रेटर लंडन कौन्सिलचे, म्हणजे स्थानिक स्वराज्य संस्थेचे, भाडेकरू होते आणि आता ४० टक्के सवलतीत, ८,३१५ पौंडांना, त्याच घराचे मालक झाले होते. हुजूर पक्षाच्या ताब्यातल्या या कौन्सिलने विकलेले ते बारा हजारावे घर. म्हणजे विक्री आधीपासून चालू होती. फरक इतकाच की तोवर घर विकायचे की नाही हे कौन्सिल ठरवत असे. त्याच महिन्यात संमत झालेल्या हाउसिंग अ‍ॅक्टने ही मुभा काढून घेतली. ३ ऑक्टोबर १९८० पासून इंग्लंड आणि वेल्समधल्या कौन्सिलच्या भाडेकरूला आपले घर विकत मागण्याचा हक्क मिळाला आणि कौन्सिलला नाही म्हणता येईना. ‘राइट टू बाय’ ती हीच योजना.

अटी साध्या होत्या. तीन वर्षे भाडेकरू असाल तर बाजारभावावर ३३ टक्के सूट, पुढे दर वर्षाला एक टक्का जास्त, वीस वर्षे झाली की निम्म्या किमतीत घर. बँक दारात उभी करत नसेल तर कर्जही कौन्सिलनेच द्यायचे. १९८४ मध्ये तीन वर्षांची अट दोनावर आली आणि कमाल सूट ६० टक्क्यांवर गेली. फ्लॅट विकले जाईनात म्हणून १९८६ मध्ये त्यांच्यासाठी सूट ७० टक्क्यांपर्यंत नेली. सुरुवातीचा सपाटा असा की १९८२-८३ या एका वर्षात एकट्या इंग्लंडमध्ये दीड लाखाहून अधिक घरे विकली गेली. आजवरचा इंग्लंडचा आकडा वीस लाखांच्या घरात आहे.

हे न्याय्य होते का? या प्रश्नाचे उत्तर ब्रिटनमध्ये अजूनही बहुधा पक्ष पाहून दिले जाते. पण त्याआधी ही घरे कोणाची होती ते पाहायला हवे.

पहिल्या महायुद्धानंतर १९१९ च्या अ‍ॅडिसन कायद्याने कौन्सिलांना घरबांधणीसाठी सरकारी अनुदान मिळू लागले. डॅगनहॅमजवळ बेकनट्री येथे लंडन काउंटी कौन्सिलने १९२१ ते १९३५ या काळात सुमारे २६ हजार घरे उभी केली. प्रत्येकाला स्वतंत्र दार, मागे बाग. दुसऱ्या महायुद्धानंतर अनायरिन बेव्हन यांनी घर मोठे आणि नीट बांधण्याचा आग्रह धरला, तर हॅरल्ड मॅकमिलन यांनी वर्षाला तीन लाख घरांचे लक्ष्य गाठून दाखवले. एक मजूर पक्षाचा मंत्री, दुसरा हुजूर पक्षाचा. १९७० चे दशक संपताना देशातल्या दर तीन कुटुंबांमागे जवळपास एक कौन्सिलच्या घरात राहत होते. गरिबांची सोय म्हणून त्याकडे पाहिले जात नसे. बसचालक, शिक्षक, फिटर सगळेच तिथे होते.

या घरांचे अर्थकारण बहुतेक चर्चांत सुटून जाते. कौन्सिल साठ-साठ वर्षांच्या कर्जावर घरे बांधत असे आणि सगळ्या घरांचे भाडे एकाच खात्यात जमा होई. १९३० च्या सुमाराला चारशे-पाचशे पौंडांत बांधलेल्या घराचे कर्ज महागाईने केव्हाच हलके केलेले असे. अशा जुन्या घराच्या भाड्यातून उरणारा पैसा नव्या, महाग घरांचे भाडे आटोक्यात ठेवायला वापरला जाई. एकत्र कुटुंबात कमावता थोरला भाऊ धाकट्यांची फी भरतो, तसे जुने घर नव्याला पोसत होते. विक्रीला आधी गेली ती हीच घरे: तीन खोल्यांची, बाग असलेली, कर्ज फिटत आलेली. बारा-पंधरा मजली मनोऱ्यांतले फ्लॅट मागे राहिले आणि त्यांच्यासोबत मागे राहिले विकत घ्यायची ऐपत नसलेले लोक.

आता भाडेकरूची बाजू. ती मला विरोधकांच्या पुष्कळ लिखाणापेक्षा जास्त पटते. वीस वर्षे भाडे भरूनही त्या भाड्यातून हातात काहीच राहत नाही, हे शल्य कोणत्याही भाडेकरूचे असते. त्यात कौन्सिलचा कारभार. दार कोणत्या रंगाचे असावे हे पुष्कळ ठिकाणी कौन्सिल ठरवत असे. अख्ख्या रस्त्याला एकच रंग, दुरुस्तीसाठी अर्ज करा आणि वाट बघा. म्हणूनच घर नावावर झाल्यावर लोकांनी पहिल्यांदा काय बदलले असेल तर दार. रांगेतल्या एकसारख्या घरांत एखादेच लाकडी नक्षीचे दार दिसले, की ते घर विकले गेले हे रस्त्यावरून कळे. काहींनी विटांच्या भिंतीवर खोटा दगड चढवला. सुशिक्षित मंडळींनी त्याला नाके मुरडली. पण आयुष्यभर साहेबाच्या परवानगीने खिळा ठोकलेल्या माणसाला स्वतःच्या भिंतीशी वाटेल ते करता येणे ही लहान गोष्ट नव्हे. मजूर पक्षानेही १९८३ च्या जाहीरनाम्यात सक्तीची विक्री बंद करू असे म्हटले आणि १९८७ येईतो तो विरोध मुकाट्याने गुंडाळला. त्याचे मतदारच घरे घेत होते.

तेव्हा घर विकण्यात मूलतः अन्याय होता असे मला वाटत नाही. प्रश्न आहे तो सवलत कोणाच्या खिशातून गेली हा.

नॉरिच शहराची गोष्ट इथे सांगण्यासारखी आहे. तिथल्या मजूर पक्षाच्या कौन्सिलने विक्री नाकारली नाही, फक्त हळू चालवली. आमच्याकडे माणसे कमी आहेत, बेघरांना घर देणे आणि दुरुस्त्या करणे आधी, असे तिचे म्हणणे. घर घेऊ पाहणाऱ्याला बोलावून पुढचा खर्चही समजावून सांगितला जाई. पर्यावरणमंत्री मायकेल हेझेल्टाइन यांनी कायद्याच्या २३व्या कलमाखाली विक्रीचे काम स्वतःच्या हातात घेतले. कौन्सिल न्यायालयात गेली. १९८२ मध्ये लॉर्ड डेनिंग यांच्यासह अपील न्यायालयाने मंत्र्याच्या बाजूने निकाल दिला. घरे गावाच्या पैशाने आणि कर्जाने बांधलेली, त्यांवरची सवलत लंडनमधून ठरलेली आणि घरे विकायला नेमलेला माणूसही लंडनचा. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवणे म्हणजे काय, ते नॉरिचला विचारावे.

बरे, विक्रीतून आलेला पैसा तरी? तो कौन्सिलला मिळाला, पण नवी घरे बांधायला खर्च करण्यावर सरकारने मर्यादा घातली. सुरुवातीला वर्षाला निम्मा भाग वापरता येई, मग तो पाचवा हिस्सा झाला. १९८९ च्या कायद्याने घरविक्रीचा ७५ टक्के पैसा जुनी कर्जे फेडण्यासाठी बाजूला ठेवणे बंधनकारक केले. १९७९ मध्ये इंग्लंडमधल्या कौन्सिलांनी सत्तर हजारांहून अधिक घरे पूर्ण केली होती. विसावे शतक संपताना हा आकडा वर्षाला काही शेकड्यांवर आला. घर गेले, त्याचे पैसे अर्धे-पाव आले आणि आले त्यातून दुसरे घर उभे राहू दिले गेले नाही. मला सर्वांत मोठा अन्याय इथे दिसतो. ज्याच्या वाट्याचे घर गेले तो प्रतीक्षायादीत होता. त्याच्याकडे कोणी चहाला गेले नाही.

सवलत भाडेकरूंमध्येही सारखी वाटली गेली नाही. ती बाजारभावाच्या टक्क्यांत होती. लंडनच्या मोक्याच्या जागी घर मिळालेल्याला जी रक्कम पडली, ती उत्तरेतल्या गिरण्या बंद पडलेल्या गावातल्याला स्वप्नातही मिळाली नसती, आणि कोणाला कुठले घर मिळाले ही वाटपाच्या दिवसाची लॉटरी. शेजारच्या खासगी घरात दुप्पट भाडे भरणाऱ्याला तर छदामही नाही. काहींची लॉटरी उलटी फिरली. युद्धोत्तर काळात काँक्रीटच्या तयार खांबांवर उभारलेल्या ‘एअरी’ घरांना तडे जात असल्याचे १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला उघड झाले, तेव्हा अनेकांनी ती नुकतीच विकत घेतली होती. त्यांच्यासाठी १९८४ मध्ये वेगळा मदतीचा कायदा करावा लागला. फ्लॅट घेणाऱ्यांचे दुखणे आणखी निराळे. जमीन आणि इमारत कौन्सिलकडेच राहिली, त्यामुळे छप्पर बदलले की खर्चाचा वाटा फ्लॅटमालकाकडे. निवृत्त माणसांना हजारो पौंडांची बिले गेली. अखेर २०१४ मध्ये सरकारी निधीतून होणाऱ्या कामांसाठी पाच वर्षांत १० हजार, लंडनमध्ये १५ हजार पौंडांची मर्यादा घालण्यात आली.

लंडनच्या वेस्टमिन्स्टर भागात तर सवलतीचा सरळ राजकीय हत्यार म्हणून वापर झाला. १९८६ ची निवडणूक थोडक्यात जिंकलेल्या शर्ली पोर्टर यांच्या कौन्सिलने काठावरच्या आठ प्रभागांत रिकामी होणारी घरे गरजूंना देण्याऐवजी, हुजूर पक्षाला मत देतील अशा खरेदीदारांना विकायला काढली. ही विक्री ‘राइट टू बाय’च्या बाहेरची, पण त्याच वातावरणातली. २००१ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने ती बेकायदा ठरवली आणि २००४ मध्ये पोर्टरबाईंनी १.२३ कोटी पौंड भरून प्रकरण मिटवले.

विक्रीच्या बाजूने एक युक्तिवाद नेहमी येतो: भाडेकरू तसाही घर सोडणार नव्हता, मग विकले तर यादीतल्या माणसाचे काय गेले? आज काही गेले नाही, हे खरे. पण १९८० च्या त्याच कायद्यात भाडेकरूच्या मृत्यूनंतर घर एकदाच वारसाकडे जाईल अशी तरतूद होती. म्हणजे उशिरा का होईना, घर फिरून कौन्सिलकडे यायचे. विकलेले घर परत येत नाही.

हा मुद्दा मुंबईकराला बीडीडी चाळींच्या निमित्ताने चटकन कळावा. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी इथल्या, १९२० च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने बांधलेल्या २०७ चाळींत १६० चौरस फुटांच्या खोल्यांत लोक पिढ्यान्‌पिढ्या नाममात्र भाड्याने राहिले. पुनर्विकासात आलेल्यांना ५०० चौरस फुटांचे घर मोफत, मालकी हक्काने. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीत ५५६ कुटुंबांना किल्ल्या मिळाल्या. सवलत शंभर टक्के, तरी मला ती तितकी खटकत नाही. त्या खोल्या कधीच सरकारकडे परतणार नव्हत्या, आणि खर्च त्याच जमिनीवर विक्रीसाठी बांधलेल्या घरांतून निघायचा आहे. पण याच चाळींत सुमारे सव्वादोन हजार खोल्या पोलिसांच्या सेवानिवासाच्या होत्या. तिथे राहणाऱ्या पोलिसांना आणि निवृत्तांना घर मालकीने द्यायचे ठरले. २०२२ मध्ये किंमत आधी ५० लाख ठरली, मग २५ लाख, मग १५ लाख. आयुष्य बंदोबस्तात घालवलेल्या हवालदाराला मुंबईत घर मिळू नये असे कोण म्हणेल? पण सेवानिवास हे पुढच्या हवालदारासाठी मोकळे व्हायचे असते, आणि तो पुढचा हवालदार आज बदलापूर-विरारहून लोकलने ड्यूटीवर येतो. किंमत तीनदा ठरली, पण या पुढच्या हवालदाराचे काय हे चर्चेत फारसे आलेच नाही.

ब्रिटनमध्ये हिशेब मांडायला तीस-पस्तीस वर्षे गेली. टोनी ब्लेअर सरकारने सवलतीला रकमेची मर्यादा घातली होती. डेव्हिड कॅमेरून यांनी २०१२ मध्ये ती ७५ हजार पौंडांवर, पुढच्या वर्षी लंडनमध्ये एक लाखावर नेली आणि वाढीव विकल्या जाणाऱ्या प्रत्येक घरामागे नवे घर बांधू असे सांगितले. ते पाळले गेले नाही. स्कॉटलंडने २०१६ मध्ये आणि वेल्सने २०१९ मध्ये हा हक्कच रद्द केला. इंग्लंडमध्ये २१ नोव्हेंबर २०२४ पासून कमाल सवलत भागानुसार १६ ते ३८ हजार पौंडांवर आली. मुदतीआधी अर्जांची झुंबड उडाली. हे बदल करणाऱ्या तेव्हाच्या गृहनिर्माणमंत्री अँजेला रेनर यांनी स्वतः २००७ मध्ये आपले कौन्सिलचे घर याच योजनेत घेतले होते. विरोधकांनी ते उगाळले, पण त्यात मला दुटप्पीपणा दिसत नाही. योजना वापरणारी व्यक्तीही योजना चुकली असे म्हणू शकते. विक्रीचा सगळा पैसा आता कौन्सिलकडे राहतो. २०२५ मध्ये जाहीर झालेल्या प्रस्तावांनुसार दहा वर्षे भाडेकरू असल्याशिवाय हक्क नाही आणि नव्याने बांधलेले घर पस्तीस वर्षे विक्रीबाहेर.

दरम्यान विकलेल्या फ्लॅटांपैकी पुष्कळ, लंडनमध्ये सुमारे चाळीस टक्के, खासगी घरमालकांकडून भाड्याने दिले जातात. बेघर कुटुंबांना तात्पुरता निवारा देणे कौन्सिलचे कायदेशीर कर्तव्य आहे आणि इंग्लंडमध्ये अशी कुटुंबे सव्वा लाखाहून अधिक आहेत. तेव्हा कौन्सिल कधी कधी स्वतःच बांधलेला, स्वतःच सवलतीत विकलेला फ्लॅट बाजारभावाने भाड्याने घेते. काही कौन्सिल तर थेट परतखरेदी करतात. पश्चिम लंडनच्या ईलिंगने २०१९ पर्यंत अशी ५१६ घरे परत घेतली होती. विकताना त्यांचे मिळून सुमारे १.६ कोटी पौंड आले होते; परत घेताना १०.७ कोटी मोजावे लागले.