फ्लशच्या टाकीतले बारा दिवस

गेल्या मे महिन्यात आमच्या संडासाच्या दाराबाहेर आठवडाभर एक पेन्सिल टांगलेली होती. शेजारी खिळ्याला जुन्या कॅलेंडरचं पाठकोरं पान. जो कोणी फ्लशची दांडी दाबेल त्याने बाहेर येऊन एक रेघ मारायची, असा घरात नियम केला होता. आईने पहिल्या दिवशी कपाळावर हात मारला, पण रेघा मारल्या. तिच्या नावासमोर सगळ्यांत कमी होत्या. आठवड्याच्या शेवटी चौघांच्या मिळून १४० रेघा झाल्या. म्हणजे रोज २०, माणशी ५.

हा उपद्व्याप आईच्या गुडघ्यांमुळे सुरू झाला. दादरची आमची इमारत साठ वर्षांपूर्वीची, तीन मजली. संडासात उकिडवं बसायचं भांडं आणि मागे दहा लिटरची टाकी. डॉक्टरांनी उकिडवं बसणं बंद करायला सांगितलं, तेव्हा कमोड आणायचं ठरलं. दुकानात गेलो तर विक्रेत्याने विचारलं, "सहा-तीनचा देऊ की चार-दोनचा?" आकडे मोठ्या आणि छोट्या फ्लशच्या लिटरचे होते. त्यावरून मी आकड्यांच्या मागे लागलो.

आधी टाकी मोजली. अँगल कॉक बंद केला, फ्लश केला आणि रिकाम्या टाकीत एक लिटरच्या बाटलीने पाणी ओतत गेलो. आधीच्या पातळीला पोचायला बरोबर दहा बाटल्या लागल्या. दहा गुणिले वीस म्हणजे रोज २०० लिटर. मुंबईत ज्यांच्या मोरीत निळं प्लास्टिकचं पिंप आहे त्यांना हा आकडा वेगळा समजावून सांगायला नको. ते अख्खं पिंप आम्ही चौघं रोज संडासात रिकामं करत होतो. पहाटे उठून भरलेलं, पिण्यासाठी शुद्ध केलेलं पाणी.

आता एका माणसापुरतं पाहू. रोज ५० लिटर म्हणजे वर्षाला १८,२५० लिटर. एवढं पाणी वाहून नेतं काय? एका माणसाचं वर्षभराचं मूत्र साधारण ५०० लिटर आणि मळ ५० लिटर. साडेपाचशे लिटर सामान हलवायला सव्वाअठरा हजार लिटर पाणी, म्हणजे सामानाच्या तेहेतीसपट वाहन. आणि मुंबईत नवी इमारत उभी राहिली तरी यात फारसा फरक पडत नाही, कारण इमारतींचे पाणी-हिशेबच तसे बांधलेले आहेत. भारतीय मानकात माणशी रोजच्या घरगुती पाण्यातले ४५ लिटर फ्लशसाठीच धरलेले असतात.

आता शहर. मुंबईला रोज साधारण ३,८५० दशलक्ष लिटर, म्हणजे ३८५ कोटी लिटर पाणी मिळतं. हा आकडा वर्तमानपत्रात इतक्यांदा छापून येतो की डोळा त्यावरून घसरतो. त्याला सेकंदांनी भागलं तर दर सेकंदाला ४४ हजार लिटरच्या वर पडतात. दहा हजार लिटरचे साडेचार टँकर, प्रत्येक सेकंदाला, रात्रीच्या तीन वाजतासुद्धा. दिवसाचे टँकर होतात ३ लाख ८५ हजार. एक टँकर आठ मीटर लांब धरून ते एकामागे एक उभे केले तर रांग ३,०८० किलोमीटरची होते. भारताची उत्तर-दक्षिण लांबी ३,२१४ किलोमीटर. म्हणजे काश्मीरच्या टोकापासून निघालेली रांग कन्याकुमारीच्या जरा अलीकडे संपेल. उद्या पुन्हा तेवढीच.

हे पाणी येतं सात तलावांतून: अप्पर वैतरणा, मोडक सागर, तानसा, मध्य वैतरणा, भातसा, विहार आणि तुळशी. सगळे काठोकाठ भरले की साठा होतो १४,४७,३६३ दशलक्ष लिटर. त्यातला निम्मा, ७,१७,०३७ दशलक्ष लिटर, एकट्या भातसाचा. हा साठा रोजच्या ३,८५० ने भागून पाहिला तेव्हा मी कॅल्क्युलेटर दोनदा तपासला. उत्तर येतं ३७६ दिवस. वर्ष ३६५ दिवसांचं. म्हणजे पावसाने सगळं भरभरून दिलं, उन्हाने एक थेंब उडवला नाही आणि जलवाहिनीतून कुठेही गळलं नाही, तरीही या महानगराच्या गाठीशी वर्षाअखेर उरतात ते अकरा दिवस. ऊन आणि गळती खरी असल्यामुळे तेही उरत नाहीत. म्हणून तर पावसाच्या तोंडावर साठा आटला की पाणीकपात येते. २०२४ साली ३० मेपासून पाच टक्के आणि ५ जूनपासून दहा टक्के कपात झाली होती.

आता आमची टाकी या हिशेबात ठेवू. दहाच्या जागी सहा आणि तीन लिटरची, दोन बटणांची टाकी बसवली तर वीस फ्लशांपैकी चार मोठे, सोळा छोटे धरता येतात. चार सक चोवीस, सोळा त्रिक अठ्ठेचाळीस, एकूण ७२ लिटर. वाचले रोजचे १२८. वर्षाचे ४६,७२० लिटर, म्हणजे आमच्या एका घराचे जवळजवळ पाच टँकर.

मुंबईत अजून कितीतरी लोक सार्वजनिक संडासाच्या रांगेत बादली घेऊन उभे असतात. त्यांच्याकडे फ्लशच नाही, तर वाचवायचं काय? म्हणून सगळं शहर न धरता आमच्यासारखी फक्त दहा लाख घरं धरली. त्यांची रोजची बचत १२.८ कोटी लिटर. टँकरची रांग १०२ किलोमीटर, म्हणजे दादरहून कर्जतच्याही पुढे. वर्षाची बचत ४,६७२ कोटी लिटर. विहार आणि तुळशी हे दोन तलाव तुडुंब भरले की त्यांत मिळून ३,५७४ कोटी लिटर पाणी असतं. १८६० साली ज्या विहारने मुंबईला पहिल्यांदा नळाचं पाणी पाजलं, तो आणि त्याचा शेजारी, दोन्ही मिळूनही या बचतीला पुरे पडत नाहीत. शहराच्या मापात सांगायचं तर ही बचत बारा दिवसांची आहे. पाऊस देतो ते कागदावरचे अकरा दिवस एकीकडे, आणि फ्लशच्या टाक्यांत अडकलेले बारा दिवस दुसरीकडे.

घरमालकाच्या खिशाला मात्र हे जाणवत नाही. घरगुती पाण्याचा दर हजार लिटरला दहा रुपयांच्याही आत. पाच टँकर वाचवून पाण्याच्या बिलात वर्षाचे पाचशे रुपयेही सुटत नाहीत. भातसा आणि तानसा ही धरणं शहापूर तालुक्यातली. त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर दर उन्हाळ्यात टँकर जातो आणि बाया विहिरीत रिकामे हंडे सोडतात. त्या पाण्याची किंमत आमच्या बिलात येत नाही.

एवढं गणित जमल्यावर मला वाटलं, मग चार-दोनचाच घ्यावा. आणखी वाचेल. प्लंबर आला, त्याने भांड्याकडे बघितलं, खिडकीतून घरगल्लीत डोकावला आणि म्हणाला, "काका, खाली पाइप बिडाचा आहे. पाणी कमी पडलं तर माल मध्येच बसणार."

त्याचं म्हणणं बरोबर होतं. भांडं धुवायला पाणी फार लागत नाही. लागतं ते पुढे, आडव्या पाइपातून सगळं चेंबरपर्यंत ओढत न्यायला. चार इंची पाइपाला साधारण चाळीस फुटांत एक फूट उतार हवा. साठ वर्षांत इमारत बसते, पाइपाचे टेकू गंजतात, उतार कुठे कमी होतो, कुठे पोट पडतं. बिडाच्या पाइपाला आतून गंजाचे खवले धरतात, त्यांवर कागद आणि मळ अडकतो. पूर्वीचे दहा लिटर हे सगळं दामटून नेत होते. चार लिटरच्या अंगात तेवढा जोर नसतो.

हा धडा मोठ्या देशांनीही घेतला आहे. अमेरिकेत १९९२ च्या कायद्याने १९९४ पासून नव्या घरगुती कमोडला सहा लिटरची मर्यादा आली. आधीचे कमोड तेरा लिटरचे. कंपन्यांनी घाईघाईत टाकी लहान केली, भांड्याचा आकार तोच ठेवला. लोक दोन-दोनदा फ्लश करू लागले, काही जण तर कॅनडातून जुने कमोड आणू लागले. सहा लिटर दोनदा म्हणजे बारा. बचत कसली, आधीच्या तेरापेक्षा एकच लिटर कमी! पुढे २००३ पासून तिथे कमोडची वेगळी चाचणी सुरू झाली. त्यात सोयाबीनच्या घट्ट पेस्टच्या कांड्या भांड्यात टाकून एका फ्लशमध्ये किती ग्रॅम जातात ते मोजतात. पाणी वाचवणारा म्हणून शिक्का हवा असेल तर किमान ३५० ग्रॅम जायला हवेत. मोजायचं काय ते कळल्यावर भांड्यांचे आकार सुधारले. दोन बटणांची युक्ती त्याच्याही आधीची. ऑस्ट्रेलियात १९८० साली ब्रूस थॉम्पसन या रचनाकाराने कॅरोमा कंपनीसाठी ती टाकी केली, तेव्हा मोठा फ्लश अकरा लिटरचा आणि छोटा साडेपाचचा होता. आजच्या सहा-तीनपर्यंत यायला भांडं, वळण आणि झडप सगळंच बदलावं लागलं.

आमच्याकडे सोयाबीनची पेस्ट नव्हती. वर्तमानपत्र होतं. भिजवलेल्या कागदाचे सहा बोळे केले. प्लंबर घरगल्लीत चेंबरचं झाकण उघडून उभा राहिला आणि मी वरून फ्लश केला. दहा लिटरला सहाही आले. मग सहा लिटर पाणी बादलीने एका दमात ओतलं. खालून आवाज आला, "पाच!" सहावा पुढच्या खेपेला आला. चार लिटरला दोनच पोचले. त्याने सळईने पाइप साफ करून दिला, एक टेकू बदलला, मग पुन्हा पाहिलं. सहा लिटरला सहा, चारला चार. निर्णय तिथेच झाला. सहा-तीन.

जुन्या घरात कमोड निवडताना टाकीवरच्या आकड्याआधी दुसरे आकडे मोजावे लागतात. पाणी जमिनीतून खाली जातं की भिंतीतून मागे, म्हणजे एस ट्रॅप की पी ट्रॅप, हे आधी बघायचं. जमिनीतून जात असेल तर भिंतीपासून भोकाच्या मध्यापर्यंतचं अंतर टेपने मोजायचं. बाजारात साधारण चार, नऊ आणि बारा इंची कमोड मिळतात आणि चुकीचा आणला तर तो बसतच नाही. भिंतीच्या आत लपवायच्या टाक्या छान दिसतात, पण जुनी भार घेणारी भिंत त्यांच्यासाठी फोडायची नसते. आणि कमोड व टाकी एकाच जोडीचे असावेत, कारण सहा लिटरसाठी बनवलेल्या भांड्याला दहा लिटरची टाकी लावली तर पाणी वाया जातं, आणि दहाच्या भांड्याला सहाची लावली तर दोनदा दाबावं लागतं.

कमोड बदलायची ऐपत किंवा परवानगी नसेल, भाड्याचं घर असेल, तर पाण्याने भरलेली एक लिटरची बाटली टाकीत उभी ठेवावी, झडपेला अडणार नाही अशी. दर फ्लशला एक लिटर वाचतं, आमच्यासारख्या घरात रोज वीस लिटर. वीट मात्र ठेवू नये, ती विरघळून झडपेत वाळू जाते.

आणि सगळ्यांत आधी निळीची परीक्षा. रात्री टाकीत निळीचे चार थेंब टाकायचे आणि अर्धा तास कोणी फ्लश करायचा नाही. भांड्यात निळं उतरलं तर आतला वायसर गेलेला. आम्ही ही परीक्षा खालच्या मजल्यावरच्या काकूंकडे केली. त्यांचा पेला २०० मिलिलिटरचा. झडपेखाली धरला तर मिनिटाभरात भरला. त्याचा हिशेब होतो दिवसाला २८८ लिटर. आमचं चौघांचं जुनं पिंप २०० लिटरचं, आणि त्यांच्या घरात कोणी संडासात न जाताच त्याहून जास्त पाणी गटारात जात होतं. वर्षाचे साडेदहा टँकर. नवा वायसर शंभर रुपयांच्या आत आला.

कमोड बसला त्या दिवशी मी आईला दोन्ही बटणं दाखवली आणि विहार-तुळशीचं गणित सांगितलं. तिने ऐकून घेतलं. "आमच्याकडे टमरेलभर पाण्यात व्हायचं की सगळं," म्हणाली. मी हसलो, पण गणित तिच्या बाजूचं आहे. बिंदेश्वर पाठकांनी सुलभचा दोन खड्ड्यांचा संडास देशभर नेला, त्यात भांड्याला तीव्र उतार आणि खाली उथळ वळण ठेवलं होतं, म्हणून दीड लिटर पाण्यात काम व्हायचं. खड्डा शेजारीच, ओढत न्यायचं अंतर थोडं. आमचे दहा लिटर घरगल्लीतल्या बिडाच्या पाइपासाठी होते.

नव्या टाकीनंतर पुन्हा आठवडाभर पान लावलं, या वेळी दोन रकाने करून: मोठं, छोटं. दिवसाची सरासरी निघाली मोठे पाच, छोटे अकरा, म्हणजे ६३ लिटर. माझ्या ७२ पेक्षाही कमी. रेघा वीसच्या जागी सोळा कशा, ते बघायला पान जवळ घेतलं. आईच्या नावापुढे मोठ्याच्या रकान्यात रोज एक रेघ होती. छोट्याचा रकाना आठवडाभर कोरा. दार उघडून आत पाहिलं तर कमोडच्या शेजारी, नळाखाली, तिचं टमरेल भरून ठेवलेलं होतं.