मास्तरांच्या तोंडातली रीड

ताशाचा कडकडाट, फटाके, नाचणाऱ्यांचा आरडाओरडा, आणि या सगळ्यातून क्लॅरिनेटवर यमनातली एक मींड ऐकू आली. वरातीत यमन! वाजवणारा कोण, हे विचारत पुण्यातल्या पेठेतल्या त्या बँडच्या दुकानात गेलो.

मास्तर साठीचे. तोंडात रीड धरलेली. बोरूची ही पातळ पट्टी ओली झाल्याशिवाय नीट थरथरत नाही, त्यामुळे माझ्या प्रश्नांना सुरुवातीला नुसती मान हलत होती. नावाजलेला बोरू दक्षिण फ्रान्सच्या वार भागातला. मास्तर मात्र टोक झिजलेली रीडसुद्धा ब्लेडने खरवडून पुन्हा लावतात.

समोर एक पोरगा शिकत होता. "गाल फुगवू नको रे बाळा." मग माझ्याकडे वळून, "पुढच्या रांगेत उभं राहायला चार वर्षं लागतात बघा."

चार वर्षं कशाला? बासरीत तीच बोटं ठेवून जोर वाढवला की 'सा'चा तार 'सा' होतो. क्लॅरिनेटमध्ये अंगठ्याची मागची कळ दाबली की 'सा'वरून थेट तार सप्तकातला 'प' येतो. म्हणजे वरच्या सप्तकाची बोटं वेगळी शिकायची. दोन्ही सप्तकांच्या सांध्यावर मोकळी बोटं एकदम टेकवावी लागतात, आणि पोरांची क्लॅरिनेट तिथेच किंचाळते. त्यात मींड हवी. ती छिद्रावरून बोट हळूहळू सरकवत, ओठ सैल सोडत काढायची. हे कळांचं वाद्य मींडेसाठी घडवलेलंच नाही. तरी रायचूरच्या नरसिंहलू वडवाटींनी त्यावर अख्खा राग मांडला. प्रभात बँडच्या बंडोपंत सोलापूरकरांचं नाव निघालं तेव्हा मास्तरांचा हात आपसूक कानाच्या पाळीला गेला.

चार वर्षं घासून वाजवायचं काय, तर नाचाची तीच पाच-सहा गाणी. मला हा सरळ अपव्यय वाटतो. मास्तरांना नाही. "पोट गाण्यांवर, रियाज सकाळी," म्हणाले आणि रीड पुन्हा तोंडात धरली.

ज्यांना शिकायचंय त्यांनी चातुर्मासात जावं. तुळशीचं लग्न लागलं की मास्तरांना उसंत नसते. दुकानात जुनी क्लॅरिनेट मिळते, रीड मात्र आपली न्यावी.