शिल्लक महिन्यांत मोजावी

दशलक्षण पर्व संपले त्या आठवड्यातील रविवारी धाकट्या भावाची मुलगी सांगलीच्या आमच्या घरी आली. हातात एक वही होती. वाणिज्य शाखेची पदवी घेऊन ती तीन वर्षे एका करसल्लागारांच्या कार्यालयात काम करीत होती. घाटकोपर येथील एका कंपनीने तिला लेखा विभागात नोकरी देऊ केली होती. हातात पडणारा पगार ३२,००० रुपये आणि रुजू होण्यास पाच आठवड्यांची मुदत. तिची स्वतःची शिल्लक १,८०,००० रुपये होती. "काका, एवढ्यावर आता जाऊ, की तीन लाख साठल्यावर जाऊ?" एवढाच तिचा प्रश्न होता.

तिच्यामागे भाऊ उभा होता. तो म्हणाला, "अण्णा, तुम्हीच सांगा. पण मला सांगितलं होतं तसं सांगू नका."

त्या वाक्यामागे तीस वर्षांचा इतिहास आहे. १९९२ साली भावाने यंत्र अभियांत्रिकीची पदविका घेतली होती आणि ठाण्याच्या एका कारखान्यात त्याला नोकरी मिळत होती. जवळ १४,००० रुपये होते. मी तेव्हा बँकेत अधिकारी होतो. घरातला अर्थतज्ज्ञ म्हणून शेवटचा शब्द माझा. मी म्हणालो, "मुंबई महाग आहे. चाळीस हजार साठव, मग जा." त्याने निमूटपणे ऐकले. १९९६ मध्ये त्याची शिल्लक ३८,००० झाली. तोवर ठाण्यातील घरांची अनामत कितीतरी वाढली होती, त्याचे लग्न झाले होते आणि त्या औद्योगिक पट्ट्यातील कारखाने एकामागून एक बंद पडू लागले होते. तो गेला नाही. त्याने पुढे येथेच लेथ मशीन घेतले, संसार नीट केला, मला कधी दोष दिला नाही. पण माझा हिशेब चुकला होता, हे मला ठाऊक आहे.

आणखी एक गोष्ट येथे मान्य केली पाहिजे. पुढे पदोन्नतीवर माझी मुंबईला बदली झाली आणि मी तेथे आठ वर्षे काढली. परंतु बँकेच्या निवासस्थानात. अनामत, दलाली, घरमालक यांपैकी कशाचीही झळ मला लागली नाही. सुरक्षित जागी बसून दुसऱ्याला सावधगिरीचा उपदेश करणे फार सोपे असते.

सावधगिरी चुकीची नव्हे. उलट टोकाचे उदाहरणही मी पाहिले आहे. आमच्या शाखेतील एका खातेदाराचा मुलगा आईचे दागिने गहाण ठेवून मुंबईला गेला. कर्जाची रक्कम घराच्या अनामतीत गेली आणि व्याज पहिल्या दिवसापासून सुरू झाले. नोकरी लागायला तीन महिने गेले. लागली तीही पगार उशिरा देणारी. पाचव्या महिन्यात तो परत आला. मुलगा कर्तबगार होता. संपले ते त्याचे पैसे.

बँकेत उद्योगांना कर्ज देताना आम्हांला एक गोष्ट पहिल्या दिवसापासून शिकवली जाई. कित्येक कारखाने तोट्यामुळे बंद पडत नाहीत, खेळते भांडवल आटल्यामुळे बंद पडतात. १९७५ सालच्या टंडन समितीच्या शिफारशींपासून एक दंडक रूढ झाला: वर्षभरात भागवावयाच्या प्रत्येक रुपयाच्या देण्यासमोर वर्षभरात हाती येणारी मालमत्ता किमान १ रुपया ३३ पैसे असावी. इमारत आणि यंत्रे कितीही मोलाची असोत, शनिवारी कामगारांचा पगार त्यांतून देता येत नाही.

महानगरात जाणाऱ्या माणसाचे असेच असते. घराची अनामत रक्कम त्याचीच असते. पण ती इमारतीसारखी अडकलेली असते. म्हणून "माझ्याजवळ किती रुपये आहेत?" हा प्रश्न अपुरा आहे. "प्रवेशखर्च वजा जाता, एक पैसाही न मिळवता मी किती महिने तग धरीन?" हा खरा प्रश्न. भावाच्या वेळी मी रुपये मोजले, महिने मोजले नाहीत.

मग आम्ही पुतणीच्या वहीत नव्या पानावर आकडे मांडले. ठाण्यात तिघी मैत्रिणींनी मिळून घर घ्यावयाचे होते. भाडे ३०,०००, अनामत तीन महिन्यांची, दलाली एका महिन्याच्या भाड्याइतकी. तिचा वाटा अनामतीचा ३०,००० व दलालीचा १०,०००. गादी, भांडी, प्रवास व किरकोळ सामान १०,०००. प्रवेशखर्च एकूण ५०,०००. उरले १,३०,०००.

मासिक खर्च असा: भाड्याचा वाटा १०,०००, जेवण ७,०००, वीज, गॅस व फोन २,०००, लोकलचा पास व रिक्षा १,५००, इतर ३,५००, एकूण २४,०००. जेवणाच्या आकड्यावर थोडी चर्चा झाली. सूर्यास्तापूर्वी जेवण्याचा तिचा नियम आहे आणि कार्यालय साडेसहाला सुटते. संध्याकाळसाठी दुसरा डबा लागणार, हे आधीच धरले. नियम पाळावयाचा असेल तर त्याचा खर्चही अंदाजपत्रकात हवा. नाहीतर महिनाअखेर नियम आणि पैसे दोन्ही मोडतात.

१,३०,००० मधून ३०,००० रुपये मी बाजूला काढावयास लावले. एक महिन्याचा खर्च आणि सामानासह परत येण्याचे भाडे, असा त्यांचा हेतू. त्यांची स्वतंत्र मुदत ठेव केली आणि तिला नाव दिले 'परतीची ठेव'. परतीची सोय असलेला माणूस घाबरून निर्णय घेत नाही. उरलेल्या १,००,००० रुपयांत चार महिन्यांहून थोडे अधिक दिवस निघतात.

चार महिने पुरेसे आहेत का? माझा ठोकताळा असा: नेमणूकपत्र हाती असेल तर किमान तीन महिने, नोकरी शोधावयाची असेल तर सहा. सहा महिने नसतील तर मुक्काम हलवू नये. रात्रीच्या महालक्ष्मी एक्स्प्रेसने जाऊन मुलाखती द्याव्यात आणि परत यावे. कर्ज काढलेली रक्कम या मोजणीत धरू नये. आईवडिलांच्या औषधपाण्याला जी शिल्लक लागण्याचा संभव आहे, तीही धरू नये. पुतणीजवळ नेमणूकपत्र होते आणि रक्कम स्वतःची होती.

आता थांबण्याचा हिशेब. सांगलीत ती महिन्याला ६,००० रुपये वाचवीत होती. तीन लाखांसाठी आणखी १,२०,००० हवे होते, म्हणजे वीस महिने. तेवढ्या काळात ही नोकरी राहणार नाही, आणि दर अकरा महिन्यांच्या नव्या कराराला घरभाडेही पुढे सरकणार. मुंबईत मात्र खर्च जाऊन ८,००० उरत होते. थांबणेही फुकट नसते. त्याचे व्याज पासबुकात छापले जात नाही, इतकेच.

एक कायदेशीर बाबही सांगून ठेवतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार भाड्याचा अथवा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी व नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. तिघी राहणार असतील तर करारात तिघींची नावे हवीत. अनामत रोख देऊ नये, बँकेमार्फतच द्यावी. पुरावा असलेली अनामतच परत मागता येते.

आपल्या पूर्वजांना हा विषय आकड्यांवाचून कळला होता. १८९९ साली स्थापन झालेल्या दक्षिण भारत जैन सभेने खेड्यांतील मुलांसाठी वसतिगृहे उभारली. शहरात पाऊल ठेवणाऱ्याला पहिली गरज पाठ टेकायला जागा आणि दोन वेळचे जेवण यांची असते; तेवढे मिळाले की प्रवेशखर्च निम्म्यावर येतो. आज नोकरीसाठी जाणाऱ्यांच्या बाबतीत हे काम मुंबईतील नातलग करू शकतात. पुतणी पहिले पंधरा दिवस डोंबिवलीला मावशीकडे राहिली. निघण्याची तारीख तिने पोहोचल्या दिवशीच सांगून टाकली, त्यामुळे दोन्ही बाजूंना संकोच उरला नाही.

तिला जाऊन आता चार महिने झाले. सारे वहीप्रमाणे घडले नाही. पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेला होतो, म्हणून पहिला महिना सबंध शिलकीतून गेला. तिसऱ्या महिन्यात एक मैत्रीण लग्न ठरल्याने घर सोडून गेली आणि नवी मिळेपर्यंत दोन महिने भाड्याचा वाटा १५,००० झाला. अनामतीची बदली तिघींनी आपसांत केली, पण भाड्याचे १०,००० जास्तीचे गेलेच. हाताशी महिने नसते तर याच वळणावर ती परत आली असती.

परवा तिचा फोन आला. शिल्लक किती, असे मी विचारले. ती म्हणाली, "काका, परतीची ठेव सोडून पावणेचार महिने."

मी हे भावाला सांगितले. तो लेथवरचे काम थांबवून क्षणभर गप्प राहिला, मग म्हणाला, "चार पूर्ण कर म्हणावं."